पोर्ट कॅरोत वस्तरे कुणी खात नाही

हे कुणाला सांगून पटणार नाही, हवी तर पैज लावा. समुद्रात पाय सोडून बसलेलं एक अख्खं गाव, दारोदारी पालथी घातलेली होडी, परसापरसात वस्तरे म्हणतात त्या धारदार शिंपल्यांचे ढीग, आणि त्या गावात समुद्रातलं कुणी काही खात नाही असं सरकारने रीतसर गणित मांडून सिद्ध केलं. ॲडलेडच्या कचेरीत, चहाच्या किटलीपाशी, थुईने ही बातमी कोरली रोझवॉर्नला दिली. "तुझ्या गावचा आकडा आला. एकच्या खाली. चांगला खाली. आता तरी हस जरा," थुई म्हणाली, आणि कोरली इतकी अचानक हसली की चहा तिच्या नाकातून आला. थुईला वाटलं, आनंद झाला. तिने पाठीवर थाप मारली, पुसायला कागद दिला. कोरली हनुवटी पुसत राहिली, आणि त्याच वेळी तिच्या डाव्या तळपायात, बुटाच्या आत, मोज्याच्या आत, एक जुनी आडवी रेघ चुरचुरली. कित्येक वर्षांत चुरचुरली नव्हती. खिडकीबाहेर किंग विल्यम रस्त्यावरून ट्रॅम जात होती, उन्हात तिचं छप्पर पाण्यासारखं हललं, आणि चौथ्या मजल्यावर क्षणभर ओहोटीच्या चिखलाचा वास आला. तो कुठून आला हे विचारायला आजूबाजूला कॅरोचं दुसरं कुणी नव्हतं.

"फार गोड माणसं गं तुझ्या गावची," थुई सांगत होती. घरोघर जाऊन लोकांना विचारण्याचं काम तिनेच केलं होतं. आपल्या गावचं मोजमाप आपण करायचं नाही, असा खात्याचा नियम. "प्रत्येक घरात केक. मी नाही म्हणून दमले. आणि सगळ्यांचं एकच, हल्ली वस्तरे मिळतच नाहीत. एक म्हातारे तर रडलेच. म्हणाले, शेवटचा वस्तरा पाहिला तेव्हा आमची ही जिवंत होती. मी माझा रुमाल दिला त्यांना."

"हिरव्या दाराचं घर? दारात गंजलेला नांगर?"

"ओळखतेस?"

"मामा आहे माझा. जेबेझ नॅन्किव्हेल."

"अय्या. मग रुमाल राहू दे म्हणावं त्यांच्याकडेच," थुई म्हणाली, आणि मग जरा थांबून, "निकाल वाचायला तुलाच पाठवणार आहेत. मोजायला परकं माणूस हवं, सांगायला घरचं. साहेबांचंच म्हणणं."

खात्याच्या या कोपऱ्यात कामाची रीत साधी होती, आणि इतक्या वर्षांत ती कोरलीच्या श्वासात उतरली होती. मातीत, पाण्यात, हवेत विष कोणतं आहे ते आधी बघायचं. किती पोटात गेलं तर ते बाधतं, हे आजवरच्या अभ्यासांतून काढायचं. खरोखर किती पोटात जातं ते माणसांना विचारून ठरवायचं. मग पोटात जाणाऱ्या आकड्याला सोसणाऱ्या आकड्याने भागायचं. उत्तर एकच्या खाली आलं तर गावाने निवांत झोपावं. वर आलं तर किनाऱ्यावर पाट्या ठोकायच्या आणि शिंपले काढणं बंद. कॅरोच्या खाडीतल्या चिखलात शिसं होतं यात शंका नव्हती. गावामागच्या शिशाच्या भट्टीच्या धुराड्याने पिढ्यान्‌पिढ्या ते पिठासारखं भुरभुरलं होतं. वस्तऱ्यांच्या मांसात ते उतरलंय, हेही प्रयोगशाळेने सांगितलं. एवढाच प्रश्न उरला होता की ते मांस खातं कोण. आणि गाव एका तोंडाने म्हणालं होतं, छे.

या हिशेबाला एक माणूस लागतो. तो कुठेच नसतो, म्हणून त्याला गृहीत धरतात. सत्तर किलो वजनाचा, जन्मभर एकाच घरात राहणारा, रोज मोजून दोन लिटर पाणी पिणारा, कधी पाहुणा म्हणूनही दुसऱ्या गावी न जाणारा. कोरलीचा नवरा तिला सोडून पर्थला गेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. हा मात्र राहिला. तिने त्याला काय काय पाजलं होतं. आर्सेनिक पाजलं, पारा पाजला, जुन्या विमानतळाखालचं फेसाळ पाणी पाजलं, आणि तो प्रत्येक वेळी पेला रिकामा करून शांतपणे पुढच्या पेल्याची वाट बघत राहिला. इतका सोशिक पुरुष पृथ्वीवर झाला नसेल. संध्याकाळी ट्रॅममध्ये तो तिच्या शेजारी बसे. त्याला चेहरा नव्हता, आणि त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी ग्लेनेलगच्या ट्रॅममध्ये तिने काचेत पाहिलं तर त्याला कान फुटले होते. मोठे, पुढे आलेले, उन्हाने पाळीपर्यंत भाजलेले. मामाचे. त्याच्या पलीकडे गृहीत मूल बसलं होतं, तेरा किलोचं, रोज चिमूटभर माती खाणारं, पाय खाली न पोचणारं. त्याच्याकडे कोरलीने कधीच नीट बघितलं नव्हतं. आत्ताही तिने नजर वळवली.

गाडी उत्तरेकडे निघाली की शेतं पिवळी होत जातात, मग करडी, मग खारट, आणि दूरवर आधी धुराडं दिसतं, गाव नंतर. मामा सांगायचा की धुराडं बांधलं तेव्हा ते इतकं उंच झालं की चंद्राला वाट बदलावी लागली. म्हणून कॅरोत भरती उशिरा येते. तो सांगायचा की कॅरोचे कुरव उडत नाहीत, चालतात, अंगात शिसं भरल्यामुळे. एक कुरव त्याने वर्षभर होडीचा नांगर म्हणून वापरला. गाव हसायचं. भट्टीतून पाळी संपवून आलेली माणसंसुद्धा हसायची, काळे दात दाखवत. त्या हसण्यात कधी एखादी खोकल्याची उबळ यायची आणि हसण्याला मिळून जायची. कोरली गाडी चालवत होती, आणि शेजारच्या जागेवर मामाच्या कानांचा तो माणूस पट्टा बांधून बसला होता. रस्ता तापून वर उठत होता. त्या लाटांवरून आपण गाडी नव्हे, होडी हाकतोय, आणि खाली चिखलात लाखो वस्तरे धार वर करून उभे आहेत, असं तिला वाटत राहिलं. वस्तरे तसेच उभे असतात. हाताच्या पंज्याहून लांब शिंपला, निमुळतं टोक चिखलात रुतवलेलं, वरची कड न्हाव्याच्या पात्यासारखी, पाण्याखाली दिसतही नाही. सात वर्षांची असताना मामाच्या मागे मागे चालताना तिचा पाय अशाच एका कडेवर पडला होता. आधी दुखलंच नाही. फक्त कोमट वाटलं, आणि पाण्यात एक गुलाबी फूल उमलून मोठं होत गेलं, आणि ते किती छान आहे असं तिला वाटलं होतं. मामाने तिला खांद्यावर टाकलं, आणि डॉक्टरच्या दारापर्यंत धडा घोकून घेतला.

"डॉक्टरने विचारलं तर काय सांगायचं?"

"बाटलीची काच."

"कुठली बाटली?"

"माहीत नाही. बाटली."

"शाबास. जागा सांगशील?"

"मेले तरी नाही."

डॉक्टर शहरातून नवीन आलेला. आठवड्यात एवढे पाय त्याने शिवले, आणि प्रत्येकजण काच म्हणाला, की शेवटी नगरपालिकेला सांगून त्याने किनाऱ्यावर बाटल्या नेण्याला बंदी करवली. ती पाटी अजून तिथे आहे. गावात तिला नमस्कार करूनच लोक वस्तरे काढायला उतरतात, असं मामा सांगतो. ते मात्र खोटं आहे, फक्त टोपी उचलतात. प्रत्येक घराची चिखलात आपली एक जागा, आणि ती जागा परक्याला, शेजाऱ्याला, पाद्र्यालाही सांगायची नाही. कुणी विचारलं तर मान हलवायची, हल्ली मिळतच नाहीत म्हणायचं, आणि विषय बदलायला केक पुढे करायचा. केक परक्यांचा. आपल्या माणसाला कॅरोत कुणी केक देत नाही. त्याला चुलीपाशी उभं करून कढईतला गरम वस्तरा हातावर ठेवतात. आणि या सगळ्याला मामाचा एकच नियम होता, टाके घातलेला तिचा पाय मांडीवर घेऊन त्याने तो सांगितला होता. परक्याला खरं सांगायचं नाही आणि आपल्या माणसाशी खोटं बोलायचं नाही. "ज्या दिवशी माझ्याशी खोटं बोलशील ना पोरी, त्या दिवशी मी तुला बशीत केक घालून देईन." सात वर्षांच्या कोरलीला त्या रात्री केकचं स्वप्न पडलं होतं. पांढरा, उंच, कापला तर आतून चिखल निघणारा.

हिरवं दार उघडंच होतं. आत फरशी ओली, फिनेलचा वास, त्याखाली व्हिनेगरचा, त्याखाली लोण्यात तळणाऱ्या वस्तऱ्यांचा. व्हिनेगरच्या बाटलीला बूच नव्हतं, तोंडावर एक नाजूक निळा रुमाल गुंडाळलेला होता. "त्या व्हिएतनामी पोरीचा," मामा वळून न बघता म्हणाला. "किती मन लावून ऐकत होती. मला खरंच रडू आलं गं. स्वतःचंच ऐकून. ये, हात पुढे कर." पांढरा गोळा तिच्या तळहातावर पडला, चटका बसला, तिने तो तोंडात टाकला. दातांखाली किंचित करकर झाली. चव गोड होती, इतकी गोड की तिचे डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांमागे अंकांचा एक तक्ता होता, त्यात या गोळ्याचं वजन होतं आणि त्यातल्या शिशाचं वजन होतं, आणि तो तक्ताही गोडच लागत होता.

फरशीवर मामाच्या नातीची मुलगी एफी बसली होती. नात, जोडी, हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला. ती जाताना एफीला इथे सोडते. एफी काही न विचारता कोरलीच्या मांडीवर चढली. कोरलीने तिला उचललं आणि उचलतानाच तिचे हात ओळखीने थबकले. तेरा किलो. वीस वर्षं तिने हे वजन फक्त लिहिलं होतं, भागलं होतं. आज पहिल्यांदा ते गरम होतं, त्याला घाम येत होता, आणि ते तिच्या कानातलं डूल ओढत होतं.

"हिच्या रक्तात शिसं वाढलंय म्हणे," जोडी कामावरून आल्यावर बूट काढता काढता म्हणाली. "नर्स म्हणाली, धूळ असणार. हात धुवा, फरशी पुसा. हा म्हातारा दिवसातून दोनदा पुसतो. मला नाही कधी मदत केली एवढी."

"तुला कुठे शिसं होतं," मामा म्हणाला. "तू हलकीच होतीस. डोक्यात तर काहीच नव्हतं."

"ऐकलंस ना कोरलीताई? आणि म्हणे मला सोडून कुठे जाऊ नकोस."

जेवताना मामाने सर्वांत कोवळे गोळे निवडून, बारीक तुकडे करून, फुंकर मारून एफीच्या ताटलीत ठेवले. एफी एकेक तुकडा दोन बोटांनी उचलून आधी उजेडात धरून बघत होती. कोरली तिच्याकडे बघत होती. घास गिळताना त्या बारक्या गळ्यात काहीतरी वर जात होतं आणि खाली येत होतं, भरती-ओहोटीसारखं, आणि प्रत्येक वेळी कोरलीच्या डोक्यात एक बेरीज होत होती. थांबव म्हटलं तरी थांबत नव्हती.

"मग?" मामा म्हणाला. "काय आलं आमचं उत्तर?"

"एकच्या खाली."

"म्हणजे जिंकलो."

"तुम्ही सगळे खोटं बोललात म्हणून."

"तुझ्या खात्याशी बोललो. तू कुठे आली होतीस विचारायला?" मामा खूश होता. त्याने पाव मोडला, रस पुसला, खाल्ला. मग पावाचा दुसरा तुकडा मोडता मोडता, अगदी सहज, "आणि खरं बोललो असतो तर?"

दिवा मंद होता. बाहेर भट्टीचा घरघराट चालला होता, जो कॅरोच्या माणसाला ऐकू येत नाही आणि जो कोरलीला आता ऐकू येत होता. "मोठ्यांचं एकच्या जरा वर गेलं असतं," ती म्हणाली. "लहानांचं फार वर. त्यांचं वजन कमी ना मामा. तेवढंच विष थोड्या अंगात. पाट्या लागल्या असत्या. खाडी बंद."

जोडीने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच धरून ठेवला. मामाने हात लांब केला, एफीच्या ताटलीतले उरलेले तुकडे एकेक करून उचलले आणि स्वतःच्या तोंडात टाकले. एफीने ओठ काढला. मामाने तिच्या हातात पावाचा तुकडा दिला आणि गोष्ट सुरू केली. एकदा ओहोटी इतकी दूर गेली की समुद्र परत यायचं विसरला, आणि मामा त्याला शोधत तीन दिवस चिखलातून चालत गेला. शेवटी एका खडकामागे समुद्र रडत बसलेला सापडला, बादलीएवढाच झाला होता, म्हणून मामाने त्याला उचलून आणलं, पण कडी तुटकी होती आणि वाटेत सांडत सांडत आला, म्हणूनच आखात असं वाकडं आहे. गोष्ट सांगताना तो हात पुढे करून दाखवत होता. त्याचे हात पाण्यात फार वेळ राहिल्यासारखे पांढुरके, सुरकुतलेले होते. त्र्याऐंशीचा माणूस, रोज ओहोटीला उतरतो, कमरेत वाकतो, सरळ होतो. ऊनामामी गेल्यावर डॉक्टरने त्याला वर्षाची मुदत दिली होती आणि मामा बाटलीबंदीच्या त्या पाटीला टोपी उचलून अजून चिखलात जात होता. कोरली ऐकत होती आणि तिला वाटलं, मामा विनवणी करतोय. अशीच करायचा तो. खाडी माझी काढून घेऊ नकोस असं तो कधी म्हणाला नसता, समुद्र बादलीत घालून दाखवला असता.

रात्रभर ती अर्धवट जागी होती. स्वप्नात गृहीत माणूस चिखलातून चालत होता, त्याच्या पुढे पाट्याच पाट्या. प्रत्येक पाटीशी तो थांबायचा, टोपी उचलायचा, आणि दर वेळी थोडा हलका व्हायचा, शेवटी त्याचे नुसते कान उरले आणि तेही वाऱ्यावर गेले. सकाळी तिने स्वतःला समजावलं. एफीची ताटली मामाने रिकामी केली. म्हणजे त्याला कळलं. जोडीलाही कळलं. या घरातलं संकट या घरात मिटलं, मग गावावर कशाला ओढायचं? मोठ्यांचं जरासंच वर जातं. जरासं म्हणजे काय, एक काय आणि सव्वा काय. संध्याकाळपर्यंत ती हे इतक्यांदा स्वतःशी बोलली की शब्द धुऊन धुऊन पांढरे झाले, तळलेल्या गोळ्यांसारखे, आणि तितकेच गोड लागू लागले.

गावच्या हॉलमध्ये खुर्च्या भरल्या होत्या. ओळखीचे चेहरे, वयाने वाढलेले. शाळेत तिची वेणी ओढणारा टक्कल पडून बसला होता. मागच्या टेबलावर बायकांनी चहाची भांडी मांडली होती, आणि शेजारी केक, झाकलेला. तो कुणासाठी ते कुणालाच ठाऊक नसावं. सरकारी सभा म्हणून सवयीने आणला होता. पहिल्या ओळीत मामा, जुन्या कोटात, बुटांना चकाकी आणून. शेजारी जोडी, मांडीवर एफी. आणि एफीच्या मागे, तिच्या मागे, कोरलीच्या लक्षात यायला वेळ लागला, ओळीओळीत मांड्यांवर मुलं होती. कुणी झोपलेली, कुणी खुर्चीचा दांडा चावणारी. गृहीत मूल एकच होतं. इथे त्याचे इतके चेहरे होते की तिला मोजता येईना. त्यातल्या एकाने तिच्याकडे बघून जांभई दिली आणि त्याच्या तोंडात दिव्याचा उजेड शिरला, घशापर्यंत.

तिने बोलायला सुरुवात केली. चिखलात शिसं किती, सांगितलं. वस्तऱ्यात किती, सांगितलं. माणसाला किती सोसतं, सांगितलं. तिचा आवाज चांगला चालला होता, बाजूला उभं राहून ऐकावा असा. मग ती तिसऱ्या पायरीशी आली, माणसं खातात किती, आणि तिने पहिल्या ओळीकडे पाहिलं. मामा तिच्याकडे बघत होता, तोंड थोडं उघडं, गोष्ट ऐकणाऱ्या पोरासारखं. त्या वाकलेल्या पाठीत तिला तो चिखल दिसला, ती पहाट, ती कमरेत वाकून सरळ होणारी आकृती, ओहोटीच्या कडेला एकटी. तळपायातली रेघ पेटल्यासारखी झाली. "पाहणीत असं आढळलं," कोरली म्हणाली, "की पोर्ट कॅरोत माणूस सरासरी महिन्याला अर्धा वस्तरा खातो. हल्ली ते मिळतच नाहीत. त्यामुळे धोका एकच्या खाली आहे. खाडी उघडी राहील."

हॉल सैलावला. कुणीतरी सुस्कारा टाकला, मागे कुणीतरी बारीक हसलं, कुणाच्या कोपराने कुणाला ढोसलं. एक बाई चहाकडे वळली. मामा खाली वाकला. तो दमला असावा असं कोरलीला वाटलं. तो बुटाची नाडी सोडत होता, सावकाश, मग बूट काढला, मग मोजा काढून बुटात नीट खोचला, आणि जोडीच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. उभं राहून त्याने तो उघडा पाय समोरच्या स्टुलावर ठेवला, तळवा लोकांकडे करून. त्या तळव्यावर जागा शिल्लक नव्हती. पांढऱ्या रेघांवर रेघा, आडव्या, उभ्या, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा. हॉलमध्ये इतकं शांत झालं की भट्टीचा घरघराट कॅरोच्या माणसांनासुद्धा ऐकू आला. कितीतरी खुर्च्यांखाली पाय आत ओढले गेले.

मामाने कोरलीकडे पाहिलं नाही. मागच्या टेबलाजवळच्या बाईला तो म्हणाला, "खोटं बोलतेय ही. आपल्या माणसांत उभी राहून. केक काप गं, हिला बशीत घालून दे."